सात नंबरच्या दोन ओळी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बराचसा मजकूर रोज तोच असतो. धरणातला पाणीसाठा, बाजारभाव, पाणी बंद राहणाऱ्या भागांची यादी, बसच्या मार्गातले बदल. वाक्यं ठरलेली, आकडे आणि ठिकाणं तेवढी बदलतात. पुण्यातल्या एका दैनिकात मी हे काम अनेक वर्षं केलं आणि शेवटच्या काही वर्षांत ते कमी व्हावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. अशा प्रोग्रॅमला मॅक्रो प्रोसेसर म्हणतात. त्याला एकदा सांगून ठेवायचं की ‘पाणीबंद’ हा शब्द आला की त्या जागी अमुक तीन वाक्यं घाल, आणि भाग व वार मी देईन तसे भर. पुढे रोज एवढंच लिहायचं: तो शब्द, भागाचं नाव, वार. बाकीचं तो उलगडून देतो.

असे प्रोसेसर जगात फार पूर्वीपासून आहेत. मी पाहिलेले दोन्ही मराठी मजकुराशी नीट वागत नव्हते, म्हणून मी माझा लिहिला. संगणकशास्त्र शिकले नव्हते. पुस्तकं वाचून आणि चुका करून जमलं. तयार झाल्यावर तो खुल्या परवान्याने इंटरनेटवर ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, बदलावा. वापरणारे मोजकेच होते. त्यातला एक परदेशातल्या कुठल्याशा गावचा रोपवाटिकावाला. तो रोपांना लावायच्या चिठ्ठ्या त्यावर छापायचा. एखादा शब्द स्वतःच्याच अर्थात पुन्हा आला तर प्रोसेसर गोल गोल फिरत राहायचा, तो दोष त्याने शोधला आणि दुरुस्तीही पाठवली. आमची ओळख एवढीच, पण पक्की.

आमची आवृत्ती बंद झाल्यावर मला चाकण एमआयडीसीत काम मिळालं. दुचाक्यांसाठी लागणारे बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या आखूड नळ्या, आणि लहान शाफ्ट करणारी एक मध्यम कंपनी होती. एका शेडमध्ये अकरा सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कापणारी मशीनं. ग्राहकांच्या ऑडिटसाठी कार्यपद्धतीची कागदपत्रं नीट हवी होती आणि ती लिहिणारं कुणी नव्हतं. निगडीहून स्कूटरने तळवडे, इंद्रायणीचा पूल, म्हाळुंगे. ट्रकांच्या रांगेवर सगळं अवलंबून, पण पाऊण तासात पोचता यायचं. गुरुवारी सुट्टी.

पहिले काही महिने मी फक्त पाहिलं. सीएनसी लेथला काय करायचं हे एका मजकुराने सांगितलेलं असतं: हत्यार इथे आण, इतक्या वेगाने फिर, इतकं काप, मागे ये. त्याला प्रोग्रॅम म्हणतात. आमच्या अकरा मशीनवर तीन वेगवेगळ्या मेकचे कंट्रोलर होते आणि तिघांची बोली थोडी थोडी वेगळी होती. एकच बुश तीन प्रकारे लिहावा लागे. ड्रॉइंगमध्ये एक माप बदललं की तो बदल जागोजागी हाताने करायचा, आणि एखादी जागा राहून जायची. डेस्कवरचंच दुखणं होतं. मी प्रॉडक्शन मॅनेजरना म्हटलं, माझ्याकडे यावर एक साधन आहे. आतल्या भोकासाठी ‘बोर’ एवढा शब्द लिहायचा, व्यास आणि खोली द्यायची; तिन्ही कंट्रोलरसाठी तिन्ही मजकूर आपोआप तयार होतील.

मॅनेजर वाकडहून यायचे. चाळिशीतले, हुशार, कामात झटपट. ते म्हणाले, “मॅडम, उद्यापासून सुरू करा.”

सेटरला मात्र शंका होती. अकराही मशीन लावून द्यायचं काम त्याचं. वय पन्नाशीच्या पुढे. चाकणजवळच्याच एका गावातलं जुनं शेतकरी घर. जमीन एमआयडीसीत गेल्यावर भावांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, हा हेल्पर म्हणून शेडमध्ये शिरला आणि ऐकून, पाहून सेटर झाला. सगळे त्याला मामा म्हणत. मीही म्हणू लागले.

“म्हंजी ताई, तुमी बातमी लिवल्यावानी मशीनला लिवणार?”

“तसंच काहीसं, मामा.”

“बातमी चुकली तर वाचणारा शिव्या घालतोय. हितं चुकलं तर टरेट ठोकतंय. लय आवाज येतो, सांगून ठेवतो.”

टरेट म्हणजे हत्यारं धरणारं फिरतं डोकं. तो पीस धरणाऱ्या चकवर किंवा पीसवर आदळला की मशीन ठोकलं असं म्हणतात. शेडमधला तो सगळ्यात वाईट शब्द.

मामाच्या खिशात एक लहान चावी असायची. प्रत्येक मशीनच्या पॅनेलवर एक कुलूप असतं. ते उघडलं तरच प्रोग्रॅममध्ये बदल करता येतो. ऑपरेटरकडे ती चावी नसते. ऑपरेटर पीस लावतो, बटण दाबतो, पीस काढतो, गेजने तपासतो. चावी ज्याच्याकडे तो सेटर, बाकीचा फरक नुसता पगारपत्रकावरचा. शेडमध्ये हे कुणी बोलून दाखवत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

मी अकरा मशीनच्या मेमरीतले सगळे प्रोग्रॅम संगणकावर उतरवून घेतले. आमचा सगळ्यात जास्त चालणारा बुश नऊ मशीनवर होता आणि नऊ ठिकाणी थोडा थोडा वेगळा होता. एकाच सभेची नऊ बातमीदारांनी नऊ वर्णनं पाठवली तर डेस्क त्यांची एक प्रत करतं. मी तेच केलं. बरेचसे फरक खरोखर कचरा होते: जुन्या टिपा, रिकाम्या ओळी, कधीच बदललेल्या हत्यारांची नावं. काही फरक मात्र ओळींच्या नंबरांत होते. प्रोग्रॅममधल्या ओळींना दहा-दहाच्या टप्प्याने नंबर देतात: दहा, वीस, तीस. इथे मध्येच कुठे पस्तीस यायचा, कुठे पंच्याऐंशी. मला ते डेस्कवर आलेल्या प्रतीत कुणी समासात काहीतरी घुसडावं तसं वाटलं. मॅनेजरना विचारलं.

“सेटर लोकांचं असंच असतं,” ते म्हणाले. “ज्याला जे वाटलं ते घातलं. तुम्ही साफ करा.”

मामा त्या आठवड्यात गावच्या भैरवनाथाच्या यात्रेसाठी रजेवर होता. पुढे हे कारण मी मनाशी एक-दोनदा वापरून पाहिलं. ते टिकत नाही. तो परत आल्यावर विचारायला पुष्कळ दिवस होते.

नवे प्रोग्रॅम चढले. उलगडलेल्या प्रत्येक मजकुराला नव्याने, ओळीने, दहाच्या टप्प्याने नंबर देण्याची सोय मी प्रोसेसरमध्ये मुद्दाम घातली होती. छापील पानासारखं स्वच्छ दिसायचं. आणि काम खरंच सोपं झालं. ग्राहकाने बुशाची खोली किंचित बदलली तेव्हा मी एका ओळीत एक आकडा बदलला आणि चहा संपायच्या आत नऊ प्रोग्रॅम तयार झाले. मामानेही ते पाहिलं.

“ह्ये मातुर ब्येस हाय,” तो म्हणाला. “पूर्वी या कामाला माझा अख्खा दिस जायचा, आन् एक मशीन इसरायचंच.”

साधारण तीन आठवड्यांनी ग्राहकाकडून एक लॉट परत आला. बुश शाफ्टवर अर्ध्यापर्यंत जात होते आणि पुढे अडकत होते. तोंडाशी बोर मापात, आतल्या टोकाला बारीक. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर सगळा माल सात नंबरच्या मशीनचा होता.

बुधवारी दुपारी मालकांच्या केबिनमध्ये चौघं बसलो: मालक, मॅनेजर, मामा आणि मी. मालक कमी बोलणारे. पेन उघडून मिटत होते. बोलत होते मॅनेजर.

“मामा, सरळ सांगा. पॅनेलवर काय केलंत?”

“काय बी न्हाई केलं, साहेब.”

“हाच प्रोग्रॅम बाकी आठ मशीनवर चाललाय. तिथे एक पीस परत नाही. फक्त सातवर. चावी कोणाकडे?”

“माझ्याकडंच हाय. पर आमी हात लावला न्हाई. उलटं हाय साहेब. सातमधी माझ्या दोन वळी हुत्या. त्या गेल्यात.”

“कुठल्या ओळी?”

“बोरच्या हितं. टरेट ठोकल्यापास्नं सात नंबर हलतंय. जरा थांबायला लागतंय तिला. म्हून घातलेल्या.”

मॅनेजरनी लॅपटॉप फिरवून त्याच्यापुढे धरला. “दाखवा. दहा, वीस, तीस. शेवटपर्यंत सरळ. मध्ये एक नंबर सुटलेला नाही. ओळी काढल्या असत्या तर जागा दिसली असती ना?”

मामाने चष्मा लावला. पडद्यावर बोट न टेकवता एकेक ओळ खाली उतरत गेला. वर आला, पुन्हा उतरला.

“न्हाई दिसत,” तो म्हणाला.

“तीन आठवड्यांपूर्वीच सांगायचं होतंत मग, ओळी गेल्या म्हणून.”

“मला वाटलं, ताईंनी कुठं तरी आत ठिवल्या असतील. त्यांचा नवा प्रकार हाय.”

मी तिथे काही बोलले नाही. त्या क्षणी मला खरोखर माहीत नव्हतं. आठवत होतं ते फक्त पंच्याऐंशी हा आकडा. अर्धवट माहितीवर बोलायचं नाही ही डेस्कवरची सवय. ती त्या दिवशी योग्य होती की सोयीची, हे मी आजही ठरवलेलं नाही.

मॅनेजरनी निर्णय दिला: शुक्रवारी सकाळी मामाने चावी जमा करायची, पुढे प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल फक्त मॅनेजर करतील. संध्याकाळी पंचिंग मशीनशेजारच्या बोर्डावर तशी नोटीस लागली. नाव नव्हतं, ‘सेटर’ एवढंच होतं. पण सेटर एकच होता. घरी निघालेला प्रत्येक जण तिथे थांबून वाचत होता.

गुरुवारी सकाळी निगडीत घरच्या टेबलावर मी जुने प्रोग्रॅम उघडले. बातमीदाराची मूळ प्रत डेस्कवर फेकून देत नाहीत; मीही मशीनमधून उतरवलेला मजकूर जसाच्या तसा ठेवला होता. सात नंबरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये बोरच्या जागी ओळ पंच्याऐंशी होती: हत्यार जागेवर आल्यावर अर्धा सेकंद थांब. आणि पंच्याण्णव: त्याच मापावर, हळू वेगाने, आणखी एक फेरी मार. पहिल्या ओळीने डुगडुगणारा टरेट स्थिर होत होता. दुसरीने, कापताना जरा वाकणाऱ्या बोरिंग बारने, म्हणजे भोक आतून कापणाऱ्या दांड्याने, आत सोडलेला धातू निघत होता. नव्या इन्सर्टवर, म्हणजे हत्याराच्या टोकाला बसवायच्या नव्या पातीवर, या ओळींशिवायही माप मिळतं. इन्सर्ट झिजला की आतलं टोक बारीक राहतं. परत आलेल्या लॉटची सगळी हकीकत या दोन ओळींत होती.

माझ्या प्रोसेसरमध्ये आणखी एक सोय आहे. उलगडलेल्या कुठल्याही ओळीबद्दल विचारलं, की ती कुठल्या फाइलमधून, कुठल्या व्याख्येतून आली ते तो सांगतो. मी सात नंबरच्या बोरबद्दल विचारलं. उत्तर आलं: माझी फाइल, माझी ‘बोर’ ही व्याख्या. नंबर घातले तेही मीच. मधले नंबर ही मामाची खूण होती. हाताने घातलेली ओळ पाचवर ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला कळतं की ही मशीनसाठी आहे, ड्रॉइंगसाठी नाही. त्याच्या पिढीतले सेटर तसंच करतात, पुढे कळलं. पाचवरची ओळ काढली की दहाच्या टप्प्यात जागा राहतच नाही, आणि नव्याने नंबर देऊन उरलीसुरली खूणही मी बुजवली होती.

मग बाकीच्या मशीनच्या मूळ प्रती तपासल्या. अशा ओळी आणखी चार ठिकाणी निघाल्या. त्यातली तीन नंबरवरची, एका शाफ्टच्या प्रोग्रॅममधली, वाचल्यावर मी फोन उचलला. त्या मशीनच्या चकचे जबडे लांब होते आणि मामाची ओळ टरेटला परतताना जास्त मागे नेत होती. नव्या प्रोग्रॅममध्ये ती नव्हती, म्हणजे टरेट जबड्यांवर आदळणार होता. तो शाफ्ट अजून तीनवर लागला नव्हता. शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला लागणार होता.

मॅनेजरना सांगितलं: तीन नंबर सुरू करू नका, आणि सात नंबरची चूक माझी आहे.

त्यांनी विचारलं, “तुमची म्हणजे सॉफ्टवेअरची?”

“सॉफ्टवेअरने मी सांगितलं तेच केलं. ओळी मी काढल्या.”

“ठीक आहे. तीन थांबवतो. बाकी उद्या बोलू.”

नंतर मामाला फोन केला. मागे बकरीचा आवाज येत होता. सगळं सांगितलं.

“तीन नंबरचं सांगितलं का साहेबास्नी?” त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

“सांगितलं. थांबवलंय.”

“मग ठीक.”

“उद्या सगळ्यांसमोर बोलते, मामा. तुमच्या बाजूने.”

“माझ्या बाजूनं नगा बोलू, ताई. तुमच्या बाजूचं काय झालं त्येवढं सांगा. पुरं हाय.”

वर्तमानपत्रात दुरुस्ती चूक छापली त्याच पानावर छापतात. मी एक पान लिहिलं. सात नंबरच्या प्रोग्रॅममधून दोन ओळी काढल्या गेल्या, त्या कागदपत्र विभागाने काढल्या, सेटरला विचारलं नाही, सेटरने प्रोग्रॅमला हात लावलेला नव्हता. एकही विशेषण नाही. खाली सही. शुक्रवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी ते त्याच बोर्डावर, त्या नोटिशीच्या शेजारी लावलं.

मॅनेजर आले, वाचलं. “मॅडम, हे आपण आत मिटवलं असतं. बोर्डावर कशाला?”

“नोटीस बोर्डावर होती.”

त्यांना ते आवडलं नाही. पण ते खोटं वागणारे नव्हते. म्हणाले, “कागदावरचं मान्य. पण त्या दोन ओळींनीच फरक पडतो हे मला मशीनवर पाहायचंय.”

मामाने सात नंबरचं कुलूप उघडलं. दोन ओळी पॅनेलवर टाइप केल्या, पंच्याऐंशी आणि पंच्याण्णव. आणि मुद्दाम झिजलेला इन्सर्ट लावला. नव्यावर तर कुणीही माप देईल, तो म्हणाला. मालकही येऊन उभे राहिले. पहिला पीस निघाला. मामाने फडक्याने पुसून तो मॅनेजरच्या हातात दिला, गेजही दिला. गेज या टोकाने आत गेला आणि त्या टोकाने बाहेर आला. दुसरा, तिसरा. मॅनेजर स्वतः तपासत राहिले. मग त्यांनी ओळी काढायला लावल्या. चौथा पीस. गेज अर्ध्यावर अडकला.

“आता दाब द्या,” मामा म्हणाला. “कालपरवा मला दिलता तसा.”

ऑपरेटर हसले. मालकही. मॅनेजर शेवटी.

“ओळी परत घाला,” ते म्हणाले, “आणि चावी ठेवा तुमच्याकडेच.”

“दिली कवा हुती?” मामा म्हणाला. नोटीस मॅनेजरनी स्वतः काढली. माझं पान आठवडाभर तसंच राहिलं. ते काढायचं कोणाचं काम, हे ठरलेलं नव्हतं.

मॅनेजरना आता प्रोसेसरच बंद करावासा वाटत होता. मी विरोध केला, आणि मामाने माझ्याहून जास्त केला. “एक आकडा बदलला की नऊ मशीन बदलतात, त्ये सोडू नगा. फकस्त मशीन-मशीनमधी फरक हाय, त्यो बी लिवा.” दोष साधनाचा नव्हता. सगळ्यांना लागू असलेली गोष्ट लिहायला जागा होती, एकट्याची लिहायला नव्हती. ती केली. आता प्रत्येक मशीनची एक वेगळी फाइल आहे. पार्टचा प्रोग्रॅम सगळ्यांचा एकच, पण उलगडताना प्रोसेसर आधी त्या मशीनची फाइल पाहतो आणि तिच्यातल्या ओळी योग्य जागी घालतो, मधल्या नंबरांवर, म्हणजे पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाला त्या ओळखू येतात. आपोआप नंबर देण्याची माझी सोय काढून टाकली.

फाइली भरायला बऱ्याच दुपारी गेल्या. जेवणानंतर मामा माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसायचा आणि सांगायचा, मी लिहायची. दोन नंबर सकाळी थंड असते, पहिले पीस मोठे येतात. पाच नंबरला पाण्याचा दाब कमी आहे. आठ नंबरमध्ये काही नाही, “ती गुणाची हाय.” प्रत्येक ओळीपुढे मी कारण लिहिलं, कारण त्याच्या डोक्याबाहेर ते कुठेच नव्हतं. बदललेला प्रोसेसर इंटरनेटवरच्या त्याच खुल्या साठ्यात टाकला, चूक काय होती तेही लिहून, कंपनीचा उल्लेख न करता. रोपवाटिकावाल्याने दोन ओळींत उत्तर दिलं: त्याच्या प्रत्येक वाफ्याला वेगळी सूचना लागते, ही सोय त्याला हवीच होती, घेतली.

मशीनच्या फाइलीसाठी एक नियम झाला. मामाने पाहून हो म्हटल्याशिवाय तिच्यात कुणी अक्षर बदलायचं नाही, मीही नाही, मॅनेजरही नाहीत. सुचवता येतं. तो नाकारूही शकतो, आणि नाकारतो.

गेल्या महिन्यात बारावं मशीन आलं. मेक आठ नंबरचाच, मॉडेलही तेच. मॅनेजर म्हणाले, आठची फाइल कॉपी करून टाका, वेळ वाचेल. मी सुचवणी पाठवली. मामाने फोनवर वाचली आणि माझ्या टेबलाशी आला.

“आठची कशापायी? तिनं अजून एक पीस काढला न्हाई.”

“मॉडेल एकच आहे, मामा.”

“आमी चार भाऊ बी एकाच घरचं हाय. कोरी ठिवा. पळू द्या तिला, मग काय लागंल त्ये मी सांगतो.”

मॅनेजर ऐकत होते. मी सुचवणी मागे घेतली. बारा नंबरची फाइल सध्या कोरी आहे, आणि मामा सकाळचा पहिला तास तिच्यापाशी गेज घेऊन उभा असतो.